जुंपून बघायला दिलेली चिप

मी ते मशीन घेतलं ते त्याच्या पाठीमागच्या खाचेसाठी. पुढच्या बाजूला काय आहे याची मला फारशी पर्वा नव्हती.

औरंगाबादला यंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं त्यात आपला डिजिटल ऑसिलोस्कोप मांडला होता. ऑसिलोस्कोप म्हणजे तारेतली वीज कशी हलते ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. जुन्या पद्धतीचा एक माझ्या दुकानात होताच. त्यात रेघ उमटायची आणि डोळा लावेपर्यंत विरून जायची. हा नवा रेघ धरून ठेवत होता. पण त्याची किंमत ऐकून आमच्यासारख्यानं पुढच्या टेबलाकडं सरकावं अशीच होती. मी सरकलोही होतो. तेवढ्यात कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यानं दुसऱ्या कुणासाठी तरी मशीन फिरवलं आणि पाठीमागची खाच दाखवली. खाचेत काडेपेटीएवढी एक डबी बसत होती आणि डबीत एक चिप.

"आम्ही दिलेल्या सोयी पुऱ्या पडत नसतील तर ग्राहकानं स्वतःची सोय स्वतः लिहावी, चिपवर चढवावी आणि इथं बसवावी," तो म्हणाला. "बाकीच्या कंपन्या मशीन बंद करून विकतात. आमचं उघडं आहे."

मी परत वळलो. "ग्राहक म्हणजे कोण? मी बसवू शकतो?"

त्यानं माझ्या चपलेपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "का नाही? कोणीही बसवू शकतो."

ते 'कोणीही' मी डोक्यात ठेवलं आणि त्या दिवशी निघून गेलो. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, माणसं खोकी बांधायला लागल्यावर पुन्हा गेलो. बैलबाजारात ऊन कललं की विकणाऱ्याचा आवाज खाली येतो, कारण बैल परत चालवत न्यायचा असतो. मी मशीनच्या कडेचा ओरखडा दाखवला, एक बटण सैल आहे ते दाखवलं, दाखवायचा नग आहे, दहा हातांनी हाताळलाय हेही सांगितलं. अधिकारी हसायचा थांबला, चिडला, वरिष्ठाला फोन लावून आला. मी दोनदा उठून निघालो आणि दोनदा त्यानंच हाक मारली. शेवटी मशीन माझ्याबरोबर परभणीच्या एस.टी.त बसलं. किंमत सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या सौद्यात मी फसलो नाही. फसलो तो पुढच्यात.

माझं दुकान मोटारी भरायचं. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, नवे वेढे घालायचे, वार्निश मारायचं, सुकवायचं आणि शेतकऱ्याच्या हवाली करायचं. परभणीत येऊन मी हे काम शिकलो ते आमचं गाव सुटल्यावर. ताडकळसच्या बाजूला आमचं गाव. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला त्या साली आमच्या वस्तीतली घरं पेटवली गेली. आमचंही त्यात होतं. बा आणि मी शहरात आलो. तो हमाली करायचा आणि मी एका मोटार वाइंडिंगच्या दुकानात तारा सोलायचो. दहा वर्षांत स्वतःचं दुकान टाकलं. कुणाचा हात डोक्यावर नव्हता हे मी अभिमानानं सांगत नाही, ती हकीकत आहे.

या धंद्यात एक खोट असते, ती दिसत नाही. वेढे घालताना तारेवरचा लेप कुठंतरी खरवडला जातो आणि दोन वेढे एकमेकांना चिकटतात. मीटर लावा, बरोबर दाखवतं. टेबलावर मोटार फिरवा, छान फिरते. मग ती शेतात जाते. पाणबुडी मोटार असली तर बोअरमध्ये उतरते आणि पंधरा दिवसांत जळते. ती वर काढायची म्हणजे तीन खांबांचं तिकाटणं उभं करायचं, चार माणसं लावायची, एकेक पाइप खोलायचा. पेडगावच्या एका शेतकऱ्याची मोटार अशी एका उन्हाळ्यात दुसऱ्यांदा जळाली. त्यानं ती बैलगाडीतून आणली, माझ्या दारात उतरवली आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मिस्तरी, तुमी मोटार भरता का मडं सजवता? दोनदा वर काढलंय हिला. आता तिसऱ्यांदा खाली सोडताना हळदकुंकू बी लावतो."

लोक हसले. मी पण त्याला चार शब्द सुनावले, कारण माझा स्वभाव तसा आहे. पण त्याचं बरोबर होतं.

त्या खोटीवर उपाय मला माहीत होता. मोटारीत तीन गुंडाळ्या असतात. प्रत्येकीला विजेचा एक छोटा झटका दिला तर ती थरथरते, घंटेवर टोला मारल्यावर घुमते तशी. ती थरथर पडद्यावर लाटेसारखी दिसते आणि विरत जाते. तिन्ही गुंडाळ्या चांगल्या असतील तर तिन्ही लाटा सारख्या. एकीत वेढे चिकटले असतील तर तिची लाट लवकर मरते. जुन्या ऑसिलोस्कोपवर ही लाट बघेबघेपर्यंत नाहीशी व्हायची. नव्यात ती धरून ठेवता येत होती. आता मला हवं होतं ते असं: पहिली लाट मशीननं लक्षात ठेवावी, दुसरी आणि तिसरी तिच्यावर मांडावी आणि जुळतात की नाही ते शब्दांत सांगावं. कंपनीनं ही सोय दिलेली नव्हती. खाच दिली होती.

चिपवर लिहिणं मला येत नव्हतं. ते आमच्या शहरातल्या तांत्रिक शाळेतल्या एका सरांना येत होतं. ते जमीनदार घरातले, वयानं माझ्याएवढेच, बोलायला हळू. त्यांच्या प्रयोगशाळेत चिप लिहायचं यंत्र होतं आणि त्यावर धूळ होती. माझ्या दुकानात ते घरचा मिक्सर घेऊन आले होते. मी त्यांना मशीन दाखवलं आणि काय हवं ते सांगितलं. मिक्सर तिथंच राहिला. सर रोज शाळा सुटल्यावर यायला लागले.

आमचं काम असं चालायचं. मी मोटार समोर ठेवायचो, मुद्दाम दोन वेढे खरवडायचो आणि लाट कशी बदलते ते दाखवायचो. सर विचारायचे, "किती फरक झाला की खराब म्हणायचं?" मी म्हणायचो, "एवढा." ते म्हणायचे, "एवढा म्हणजे मशीनला कळत नाही." मग आम्ही भांडायचो. असं करत एक पावसाळा गेला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं येत होती. मी म्हणालो, माझ्या कारागिराला इंग्रजी वाचता येत नाही आणि शेतकऱ्याला तर मुळीच नाही. सर म्हणाले, मराठी अक्षरं मशीनमध्ये नाहीत. "मग घालू," मी म्हणालो. आलेखाच्या कागदावर चौकोन काळे करून मी अक्षरं काढली. 'जुळलं' आणि 'खराब', एवढे दोनच शब्द. 'ळ' मला नीट साधला नाही. तो कुबड आल्यासारखा दिसायचा. सर म्हणाले, राहू द्या, ओळखू येतोय.

आणखी एक गोष्ट मी घालायला लावली. दुकानात माझा एक जुना कारागीर होता, हाताला फार चांगला पण वरमणारा. मशीननं 'खराब' दाखवलं की तो गिऱ्हाइकानं बघायच्या आत बटण दाबून पडदा पुसून टाकायचा आणि म्हणायचा, "पुन्हा एकदा लावून बघू, वायर हलली आसंल." मला ते नको होतं. गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, तरच त्याचा 'जुळलं'वर विश्वास बसतो. म्हणून मी सरांना सांगितलं की 'खराब' आलं तर बटण दोनदा दाबल्याशिवाय पुसायचं नाही. पहिल्यांदा दाबलं तर नुसता आवाज. सर हसले. "कारागिराला पकडायला आख्खी अट घालायची?" "घाला," मी म्हणालो. "मशीन माझं आहे."

पुढच्या हंगामात दुकानासमोर गाड्या लागल्या. पोखर्णीकडून, पूर्णेकडून लोक मोटारी घेऊन यायचे, भरायला नव्हे, नुसत्या तपासायला. पेडगावचा तो शेतकरीही आला. पडद्यावर 'जुळलं' बघून म्हणाला, "मिस्तरी, हे लिहिलेलं खरं हाय का आमचं समाधान करायलाय?"

"जळली तर फुकट भरून देतो."

"आन् वर काढायची मजुरी?"

"ती पण."

त्याची मोटार जळली नाही. त्यानंतर माझ्या दारात उभं राहून कुणी मोठ्यानं बोललं नाही.

कंपनीचा तोच विक्री अधिकारी परभणीला आला तेव्हा मी त्याला हे सगळं दाखवलं. त्याला बोलावलं मीच होतं. माझ्या डोक्यात सौदा होता. असली दुकानं महाराष्ट्रात जागोजाग आहेत आणि प्रत्येकाला हीच खोट छळते. कंपनीनं माझी चिप मशीनबरोबर विकावी, विकेल त्यातला वाटा मला द्यावा आणि मशीन सुरू झाल्यावर पडद्यावर एक ओळ यावी, माझ्या दुकानाचं नाव आणि खाली परभणी. वाट्यावर घासाघीस करायला मी तयार होतो. ओळीवर नव्हतो. जळक्या घरातून निघालेल्या माणसाचं नाव पुण्याच्या यंत्रात उजळावं, एवढं मला हवं होतं, आणि ते मी कुणाजवळही लपवलं नाही.

अधिकाऱ्यानं चार मोटारी तपासून बघितल्या. त्याचे डोळे बदललेले मला दिसले. गिऱ्हाईक बैलावर भाळलं की मुद्दाम दुसरीकडं बघतं, तसा तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला.

"छान आहे," तो म्हणाला. "पण आमच्या तांत्रिक विभागाला दाखवावं लागेल. डबी नेतो, तपासतो आणि परत पाठवतो."

सर तिथंच होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "देऊ नका. आधी लिहून घ्या त्यांच्याकडून."

"सर, जुंपून बघितल्याशिवाय बैल कोण घेतं?"

हे समजायला आमचा बाजार माहीत पाहिजे. माझा बा तरुणपणी बैलांच्या दलालाकडं होता. बैल बाजारात न्यायचे, फिरवून दाखवायचे, परत आणायचे. मी त्याचं बोट धरून तिथं वाढलो. ताडकळसच्या बाजारात मी बघितलेली रीत अशी होती: घेणाऱ्यानं बैलाचे दात बघितले, चाल बघितली, तरी मन होत नसेल तर तो बैल घरी न्यायचा, आपल्या नांगराला जुंपून बघायचा आणि पुढच्या बाजाराला एक तर सौदा पुरा करायचा नाही तर बैल परत आणायचा. कागद नाही, साक्षीदार नाही. बैल द्यायला जो भितो त्याच्या बैलात खोट आहे असं लोक समजायचे. आणि नेणाऱ्यानं बैल जास्त राबवला तर ते लपत नसे. बा परत आलेल्या बैलाच्या खांद्यावरून हात फिरवायचा. जूचा वळ बोटाला लागला की चार लोकांत नेणाऱ्याची शोभा व्हायची.

माझ्या मालात खोट नव्हती. मी डबी दिली.

महिन्यानं डबी परत आली. कापसात गुंडाळून, व्यवस्थित. खाचेत बसवली, चालली. बरोबर निरोप होता की पुण्याला येऊन भेटावं. मी खूश झालो. सरांना म्हणालो, "बघा. बैल आला परत."

पुण्याला त्यांच्या ऑफिसात विक्री अधिकारी होता आणि त्याचा वरिष्ठ होता. चहा चांगला होता. वरिष्ठानं एक रक्कम सांगितली, एकदाच द्यायची, पुढं काही नाही. मी वाट्याचं बोललो. तो थोडा वर आला, मी थोडा खाली आलो. हे सगळं मला ओळखीचं होतं, मला मजाही येत होती. मग मी ओळीचं काढलं.

"पडद्यावर?" वरिष्ठ म्हणाला. "पडद्यावर कंपनीचं नाव असतं."

"त्याच्या खाली. लहान अक्षरात चालेल."

"अहो, एका मोटार दुरुस्तीच्या दुकानाचं नाव? आमची मशीन्स संशोधन संस्थांमध्ये जातात."

"सोय माझी आहे ना?"

तो अधिकाऱ्याकडं बघून हसला. वाईट हेतूनं हसला असं मी आजही म्हणणार नाही. सहज हसला. मला त्याचाच जास्त राग आहे. "तुमच्या मराठवाड्यात काय, सगळं नावापाशीच येऊन अडतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं झाली, अजून तेच चाललंय. काम झालं म्हणजे झालं, नावात काय ठेवलंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. "काही नसतं तर तुमचं काढून माझं एकट्याचं घाला," म्हणालो. त्याच्या पुढं आणखी बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. विक्री अधिकारी मध्ये उभा राहिला. मी बाहेर पडलो. सौदा मोडला.

घरी आल्यावर सर म्हणाले, तुम्ही रागावर ताबा ठेवायला हवा होता. मी त्यांना विचारलं, तुमचं घर कधी जळालं होतं का? त्यानंतर ते काही दिवस आले नाहीत.

मला वाटलं, विषय संपला. बैल परत आला होता, सौदा झाला नव्हता. दोघं आपापल्या घरी. बाजाराची रीत तीच आहे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव झालं. बदललं नाही, वाढवलं. जुनं 'मराठवाडा' राहिलं आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचं लागलं. आमच्या गल्लीत लोक नाचले. काही जण कोपऱ्यात उभे राहून म्हणत होते, यासाठी माणसं मेली का? अर्धंच दिलं. बा दुकानात स्टुलावर बसला होता. मी पण त्या कोपऱ्यातल्यांसारखंच काहीतरी बोललो. बा म्हणाला, "आलं ना नाव? मंग पेढा खा. तोंड कडू करून काय बसलास?"

त्याच महिन्यात सरांच्या शाळेत नवं मशीन आलं. त्याच कंपनीचं, पुढचं मॉडेल. सर स्वतः मला बोलवायला आले. प्रयोगशाळेत एक मोटार त्यांनी आधीच लावून ठेवली होती. मशीनवर एक नवं बटण होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ गुंडाळ्यांची तुलना. सरांनी झटका दिला. पहिली लाट आली, थांबली. दुसरी तिच्यावर मांडली गेली. तिसरी. पडद्यावर इंग्रजीत आलं: नापास.

"असं कुणालाही सुचू शकतं," मी म्हणालो. मला तसं वाटायला हवं होतं.

"पुसा," सर म्हणाले.

मी बटण दाबलं. नुसता आवाज आला. पडदा तसाच.

मी पुन्हा दाबलं. पुसलं.

सरांनी पुस्तिका उघडून दाखवली. तिथं लिहिलं होतं की वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी नापास निकाल पुसायला बटण दोनदा दाबावं लागतं. सुरक्षिततेसाठी. माझा कारागीर गिऱ्हाइकाला फसवू नये म्हणून घातलेली ती अट होती. माझ्या चिपवरचं सगळं उचलताना तीही उचलली गेली, कारण ती कशासाठी आहे हे त्यांना कळलं नव्हतं आणि काढावी तर काय बिघडेल हेही कळत नव्हतं.

मी मशीन फिरवलं. पाठीमागं खाच होती तिथं पत्र्याची पट्टी बसवली होती, चार स्क्रूंनी.

"नव्या मॉडेलला नाही ती," सर म्हणाले. "ग्राहकांनी स्वतःचं काही घातलं की तक्रारी येतात म्हणे."

घरी येऊन मी बाला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुजी डबी परत आली व्हती ना?"

"आली होती."

"मोडकी आली?"

"नाही. चांगली."

"आता बी चालती?"

"चालती."

"मंग त्येनं नेलं काय? बैल तर तुज्याच दावणीला हाय."

"बा, त्यांनी त्याच्यासारखा दुसरा बैल केला."

"आसं व्हतंय?" तो म्हणाला. "न्हेलेल्या बैलावरून दुसरा बैल? आन् ह्याच्या खांद्याला काईच न्हाई?"

"काहीच नाही."

"मंग लय अवघड झालं," बा म्हणाला. वकिलाकडं गेलो, त्यानं तासभर घेऊन मला जे सांगितलं ते यापेक्षा जास्त नव्हतं.

उन्हाळ्यात विक्री अधिकारी पुन्हा आला. या वेळी मी बोलावलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर त्यानं बूट काढले, हे पहिल्यांदाच. पाणी प्यायला, बाला नमस्कार केला आणि आडून आडून सांगायला लागला. नवं मशीन चांगलं खपत होतं, पण नगरकडून आणि नाशिककडून तक्रारी येत होत्या. खोल बोअरमधल्या मोटारी मशीन नापास ठरवत होतं आणि उघडून बघितलं तर त्या चांगल्या निघत होत्या.

मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. आमच्याकडच्या दुधनाकाठच्या बोअरी तेव्हा उथळ होत्या, मोटारी लहान. मी 'एवढा' म्हणालो होतो तो फरक त्या मोटारींचा. खोल बोअरच्या लांब मोटारीत तिन्ही गुंडाळ्या मुळातच जरा उन्नीसबीस असतात, तिथं फरक जास्त धरावा लागतो. डबी परत आल्यावर आमच्याकडं तसल्या मोटारीही येऊ लागल्या, तेव्हा मी आणि सरांनी ते माझ्या चिपमध्ये घातलं होतं. कंपनीकडं गेला तो बैल अर्धा शिकवलेला होता.

"ते कसं सोडवायचं हे तुम्हाला माहीत असेल," अधिकारी म्हणाला.

"आहे."

"कंपनी मोबदला द्यायला तयार आहे."

"मोबदल्याचं नंतर. पडद्यावर काय लिहिणार?"

त्यानं कपाळ पुसलं. "पडद्यावर शक्य नाही. पुस्तिकेत आभार मानू. शेवटच्या पानावर."

"पहिल्या पानावर."

"बरं, पहिल्या पानावर. मी वरिष्ठांशी बोलतो."

"आणि खाच उघडा. पट्टी काढा."

"ते तर अजिबातच शक्य नाही. अहो, उद्या कोणीही काहीही घालेल."

"तुम्हीच म्हणाला होता, कोणीही."

मी त्याला शेवटचं सांगितलं: पडद्यावर एक ओळ, सगळ्यांत लहान अक्षरात, चालू करताना फक्त. रक्कम तुम्ही म्हणाल ती. माझ्या आयुष्यात मी असा सौदा कधी कुणाला दिला नव्हता, समोरच्यानं किंमत ठरवायची. त्यानं फोन लावला, बाहेर जाऊन बोलला, आत येऊन मान हलवली. पहिल्या पानापर्यंत ते यायला तयार होते. पडद्यापर्यंत नव्हते.

"मग तुमच्या मोटारी नापास होऊ द्या," मी म्हणालो.

तो गेल्यावर बा म्हणाला, "घ्यायचं व्हतं. पुस्तकात तर पुस्तकात. तिकडं विद्यापीठाला आर्धं घेतलं लोकांनी, घेतलं का न्हाई? आत शिरलं की मंग बसायला जागा व्हती."

"विद्यापीठ त्यांनी बांधलं होतं, बा. नाव आपण मागितलं. हे तर मीच बांधलं होतं."

माझं बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पण बरोबर असून हातात काय आलं, तेही सांगायला पाहिजे. कंपनीनं ते सोडवलंच नाही. पुस्तिकेत एक ओळ वाढवली की खोल बोअरच्या मोटारींसाठी ही सोय वापरू नये. बस. मला वाटलं होतं ते अडतील. ते अडले नाहीत, ओळ छापून पुढं गेले. ओळ छापायला त्यांच्याकडं जागा होती.

माझं मशीन मी वापरत राहिलो. मग त्याचा पडदा मंद व्हायला लागला. 'जुळलं' वाचायला डोळ्याशी हात धरून आडोसा करावा लागायचा आणि 'खराब' आहे की पडद्याचा डाग, हे कारागिराला कळेनासं झालं. पडद्याची नळी बदलली की झालं, बाकी सगळं ठणठणीत. मी औरंगाबादच्या त्यांच्या विक्रेत्याकडं गेलो. त्यानं यादी बघितली आणि सांगितलं की या मॉडेलची नळी कंपनीनं बंद केली. जुनं मशीन जमा करा, नवं घ्या, जुन्याच्या बदल्यात चांगली सवलत आहे.

"नव्याला मागं खाच आहे?" मी विचारलं.

"नाही. पण त्यात मोटारी तपासायची सोय आतच आहे, बघा. बटण दाबलं की झालं."

मी मशीन उचललं, गोणपाटात गुंडाळलं आणि परतीच्या एस.टी.त बसलो. सवलत किती होती ते मी विचारलं नाही.